फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (जन्म : १२ मे १८२०, फ्लॉरेन्स, इटली, मृत्यू : १३ ऑगस्ट १९१०, लंडन) या आधुनिक परिचर्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या इंग्रज परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ आणि आरोग्यसुधारक होत्या. क्रिमियन युद्धातील (१८५३-१८५६) सेवेमुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली. हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी स्त्री ही त्यांची प्रतिमा तेव्हापासून रूढ झाली. प्रत्यक्षात युद्धकाळातील त्यांची सेवा दोन वर्षांहून कमी काळाची होती. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी लष्करी आरोग्य, रुग्णालयांची रचना, भारतातील सार्वजनिक स्वच्छता आणि परिचारिकांचे शिक्षण या कामांना दिली. परिचारिकेला रुग्णशय्येजवळ कोणी शिकवावे आणि शिकणारीच्या व शिकवणारीच्या कामाची पारख कशी करावी, या प्रश्नांचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. परिचर्या शिक्षणात आज ज्यांना क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणतात, त्या शिक्षिकांच्या कामाचे मूळ या प्रयत्नांत आढळते.

बालपण आणि शिक्षण

नाइटिंगेल यांचा जन्म एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. आईवडील इटलीच्या प्रवासात असताना त्यांचा जन्म झाल्याने जन्मगावाचेच नाव त्यांना देण्यात आले. त्यांची थोरली बहीण पार्थेनोप हिचा जन्म नेपल्स येथे झाला होता आणि तिचे नावही त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून ठेवले होते. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे जमीनदार व विद्याव्यासंगी होते. आई फ्रान्सिस ही गुलामगिरीविरोधी चळवळीतील संसद सदस्य विल्यम स्मिथ यांची कन्या होती. डर्बिशर परगण्यातील ली हर्स्ट आणि हॅम्पशर परगण्यातील एम्बली पार्क या दोन घरांत कुटुंबाचे वास्तव्य असे.

त्या काळात मुलींना उच्च शिक्षण देण्याची प्रथा नव्हती. तथापि विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान स्वतः शिकवले. फ्लॉरेन्स यांना गणिताची विशेष गोडी होती. आकडेवारी गोळा करणे, तिची कोष्टके मांडणे आणि तिच्यातून निष्कर्ष काढणे ही सवय त्यांना तरुण वयातच जडली व ती अखेरपर्यंत टिकली.

परिचर्येकडे ओढा

फेब्रुवारी १८३७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी त्यांची श्रद्धा झाली. ही सेवा कोणती, हे उमगण्यास त्यांना काही वर्षे लागली. १८४५ मध्ये सॉल्झबरी येथील रुग्णालयात राहून काम शिकण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा घरातून तीव्र विरोध झाला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत सेवा करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया अशिक्षित असत. त्यांना वेतन अल्प मिळे, त्यांच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती आणि मद्यपानासाठी त्यांची अपकीर्ती होती. प्रतिष्ठित घरातील मुलीने अशा ठिकाणी पाऊल ठेवणे कुटुंबाला मान्य होणे शक्य नव्हते. नाइटिंगेल यांनी विवाहाचे प्रस्ताव नाकारले. रुग्णालयांचे अहवाल आणि सरकारी आरोग्यपत्रके यांचे वाचन त्यांनी घरीच सुरू ठेवले.

१८५० मध्ये त्यांनी जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील संस्थेला भेट दिली आणि १८५१ मध्ये तेथे सुमारे तीन महिने राहून शिक्षण घेतले. पाद्री थिओडोर फ्लिडनर यांनी चालवलेल्या या संस्थेत धर्मसेविका रुग्णसेवा करीत. तेथील सेविकांच्या निष्ठेबद्दल नाइटिंगेल यांना आयुष्यभर आदर वाटला. मात्र तेथील परिचर्या आणि स्वच्छता कमी दर्जाची होती, असे मत त्यांनी पुढे नोंदवले. सेवाभाव कितीही उत्कट असला तरी तो कौशल्याची जागा घेऊ शकत नाही, हा त्यांच्या पुढील शिक्षणविचाराचा गाभा होता.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील, आजारी स्त्रियांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका लहान रुग्णालयाच्या अधीक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. वडिलांनी त्यांना वर्षाला ५०० पौंडांचे स्वतंत्र उत्पन्न लावून दिल्याने त्या आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी झाल्या.

क्रिमियन युद्ध

१८५४ मध्ये रशियाविरुद्धच्या युद्धात ब्रिटिश सैनिकांची होणारी आबाळ टाइम्स या वृत्तपत्राने प्रकाशात आणली. लोकक्षोभ उसळल्यावर युद्धखात्याचे मंत्री व नाइटिंगेल यांचे स्नेही सिडनी हर्बर्ट यांनी त्यांना परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांसह त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर रोजी तुर्कस्तानातील स्कुतारी येथील बराक रुग्णालयात पोहोचल्या. या पथकात २४ स्त्रिया निरनिराळ्या धार्मिक संघांतून आलेल्या आणि १४ रुग्णालयांत काम केलेल्या होत्या. त्यांतील अनेकींना शुश्रूषेचे पद्धतशीर शिक्षण मिळालेले नव्हते. कोणाच्या हाती कोणते काम सोपवावे, हे प्रत्यक्ष कामातूनच ठरवावे लागले.

स्कुतारीत जखमींपेक्षा रोग्यांची संख्या मोठी होती. अंथरूण, कपडे, साबण, योग्य अन्न अशा साध्या वस्तूंचाही तुटवडा होता. नाइटिंगेल यांनी धुलाईची व पथ्याच्या स्वयंपाकाची व्यवस्था लावली आणि वृत्तपत्राने जमवलेल्या निधीतून साहित्य खरेदी केले. तरीही १८५४-५५ च्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच राहिले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने रुग्णालयाखालील तुंबलेली गटारे साफ केली, पाणीपुरवठा सुधारला आणि हवा खेळती केली. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले व जूनपर्यंत ते शेकडा २ वर आले.

मे १८५५ मध्ये बालाक्लावा येथे त्या गंभीर आजारी पडल्या. या आजाराचे परिणाम त्यांना पुढे अनेक वर्षे भोगावे लागले. युद्ध संपल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये, सत्कार समारंभ टाळून, त्या घरी परतल्या.

आकडेवारी आणि लष्करी आरोग्य

इंग्लंडला परतल्यावर नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने युद्धातील मृत्यूंची आकडेवारी तपासली. युद्धातील सुमारे २१ हजार ब्रिटिश मृत्यूंपैकी सुमारे १६ हजार रोगराईमुळे झाले होते. स्कुतारी येथील मृत्यूंत अस्वच्छ इमारतीचा वाटा किती मोठा होता, याचीही त्यांना स्पष्ट जाणीव झाली. ज्या रुग्णालयात त्यांनी स्वतः काम केले होते, त्याच रुग्णालयाचे दोष त्यांनी आकड्यांनिशी मांडले. हे आकडे राज्यकर्त्यांना सहज समजावेत म्हणून त्यांनी वर्तुळाकार रंगीत आलेख वापरले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

१८५७ च्या शाही आयोगाचे काम, लष्करी बराकींची सुधारणा आणि १८६० मध्ये सुरू झालेली लष्करी वैद्यकीय शाळा यांमागे त्यांचे परिश्रम होते. या काळात प्रकृती खालावल्याने त्या बहुतेक वेळ अंथरुणाला खिळलेल्या असत. पुढील बरेचसे कार्य त्यांनी लंडनमधील आपल्या खोलीतून, पत्रव्यवहाराद्वारे केले. रुग्णालयांच्या रचनेवरील त्यांचे पुस्तक १८५९ मध्ये आणि घरगुती शुश्रूषेविषयीचे 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. दुसरे पुस्तक व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हते, तर घरात आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सर्वसामान्य स्त्रियांसाठी होते. स्वच्छ हवा, उजेड, शांतता, योग्य आहार आणि रुग्णाचे बारकाईने निरीक्षण यांवर त्यात भर आहे.

नाइटिंगेल प्रशिक्षण शाळा

स्थापना

नाइटिंगेल स्कुतारीत असतानाच, नोव्हेंबर १८५५ मध्ये, त्यांच्या गौरवार्थ लंडनमध्ये सार्वजनिक सभा होऊन नाइटिंगेल फंड स्थापन झाला. त्यात ४४ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. या निधीतून १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. प्रवेशासाठी साधारण २५ ते ३५ वर्षांची वयोमर्यादा होती आणि चारित्र्याचा दाखला आवश्यक होता. विद्यार्थिनींना राहण्याची व जेवणाची सोय, गणवेश आणि वर्षाला १० पौंड मिळत. एका वर्षाच्या प्रशिक्षणानंतर त्यांना फंड सांगेल त्या रुग्णालयात काही वर्षे नोकरी करावी लागे.

शाळा कोणत्याही धर्मपंथाची नव्हती आणि तिचा खर्च स्वतंत्र निधीतून होत होता. मात्र शिकवण्याची व्यवस्था रुग्णालयाच्या नोकरवर्गावर अवलंबून होती. मेट्रन सारा वॉर्डरोपर या शाळेच्या अधीक्षक होत्या. निवासी वैद्यकीय अधिकारी रिचर्ड व्हिटफील्ड यांनी व्याख्याने द्यावीत असे ठरले होते. प्रत्यक्ष कामाचे शिक्षण वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरांनी द्यायचे होते आणि त्यासाठी त्यांना फंडातून वेगळा मोबदला मिळे. एकाच व्यक्तीने वॉर्ड चालवावा आणि विद्यार्थिनींनाही घडवावे, अशी ही योजना होती.

मासिक नोंदपत्रक

विद्यार्थिनीची प्रगती पाहण्यासाठी नाइटिंगेल यांनी छापील मासिक नोंदपत्रक तयार केले. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात वागणुकीची नोंद असे : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप व स्वच्छता आणि वॉर्डाची व्यवस्था. दुसऱ्या भागात कौशल्यांची यादी असे : मलमपट्टी करणे, जळवा लावणे, बस्ती देणे, अंग चोळणे, हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाला हलवणे व स्वच्छ ठेवणे, पट्ट्या बांधणे, बिछाना घालणे, शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणे, पथ्याचा स्वयंपाक करणे, वॉर्डात हवा खेळती ठेवणे, भांडी स्वच्छ ठेवणे, बरे होत आलेल्या रुग्णांची काळजी घेणे आणि आजाऱ्याचे निरीक्षण करणे. प्रत्येक बाबीपुढे उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे किंवा शून्य असा शेरा द्यायचा असे.

परिचर्येसारखे काम लहान लहान, डोळ्यांना दिसणाऱ्या कृतींत विभागून प्रत्येक कृतीची वेगळी पारख करण्याची ही पद्धत त्या काळात नवी होती. चांगली परिचारिका असा सरसकट शेरा देण्याऐवजी ती कोणते काम किती चांगले करते, हे लिहिणे आता बंधनकारक झाले. शेरा देणारीने ते काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे, हे यात गृहीत होते. पुढे याच गृहीतकाची कसोटी लागली.

शाळेतील उणिवा

पहिल्या दहा-अकरा वर्षांत लष्करी आरोग्य आणि भारतविषयक काम यांत गुंतल्यामुळे नाइटिंगेल यांना शाळेकडे पुरेसे लक्ष देता आले नाही. फंडाचे चिटणीस हेन्री बॉनहॅम कार्टर हे दैनंदिन व्यवहार पाहत. शाळेची कीर्ती वाढत होती आणि अनेक रुग्णालये तिच्या परिचारिकांची मागणी करीत होती. १८७१ मध्ये सेंट टॉमस रुग्णालय टेम्स नदीकाठच्या लॅम्बेथ येथील नव्या इमारतीत गेले, रुग्णांची संख्या वाढली आणि कामाचा बोजाही वाढला.

१८७२ च्या सुमारास नाइटिंगेल यांनी शाळेच्या कारभारात स्वतः लक्ष घातले. विद्यार्थिनींना एकेक करून घरी बोलावून त्यांनी त्यांची सविस्तर विचारपूस केली. तेव्हा शाळेच्या कीर्तीमागचे वास्तव समोर आले. व्हिटफील्ड यांनी व्याख्याने देण्याचे जवळजवळ सोडून दिले होते. अनेक सिस्टरांना स्वतःलाच पद्धतशीर शिक्षण मिळालेले नव्हते, त्यामुळे शिकवावे कसे हे त्यांना ठाऊक नव्हते. विद्यार्थिनींना कमी पडणाऱ्या परिचारिकांच्या जागी राबवले जाई. एखादे काम असेच का करायचे, हे त्यांना कोणी समजावून सांगत नसे. नोंदपत्रके भरली जात होती, पण शेऱ्यांमागे प्रत्यक्ष निरीक्षण असेलच अशी खात्री उरली नव्हती.

यामागे व्यवस्थेतील एक मूलभूत दोष होता. सिस्टर ही रुग्णालयाची नोकर होती. वॉर्ड स्वच्छ राहिला आणि डॉक्टरांच्या सूचना पाळल्या गेल्या, तर तिचे काम चांगले ठरे. विद्यार्थिनी काय शिकली, याचा जाब तिला कोणी विचारत नसे. विद्यार्थिनीच्या कामाची मानके शाळेने ठरवली होती. शिकवणारीच्या कामाची मानके मात्र ठरवलेली नव्हती.

सुधारणा

नाइटिंगेल यांनी या त्रुटी दूर करण्यासाठी अनेक उपाय योजले. व्हिटफील्ड यांच्या जागी शल्यविशारद जॉन क्रॉफ्ट यांची वैद्यकीय शिक्षक म्हणून नेमणूक झाली. क्रॉफ्ट यांनी व्याख्यानांचा अभ्यासक्रम आखला आणि त्यांची टिपणे छापून विद्यार्थिनींना उपलब्ध करून दिली. विद्यार्थिनींच्या निवासाची व अभ्यासाची जबाबदारी सांभाळण्यासाठी होम सिस्टर हे पद निर्माण करण्यात आले. त्यावर प्रथम एलिझाबेथ टॉरन्स यांनी काम केले. १८७५ पासून सुमारे दोन दशके मेरी क्रॉसलँड या पदावर होत्या. वॉर्डाची अन्य जबाबदारी नसलेली आणि केवळ विद्यार्थिनींसाठी नेमलेली ही शिक्षिका व्याख्यानाचा विषय त्यांच्याकडून पुन्हा करून घेई, त्यांची टिपणे तपासे आणि वर्गात ऐकलेले वॉर्डात पाहिलेल्याशी जोडून देई.

विद्यार्थिनींनी दैनंदिनी आणि रुग्णांविषयीची टिपणे लिहावीत, असा नाइटिंगेल यांचा आग्रह होता. यांतील बरीच टिपणे त्या स्वतः वाचत. या लेखनातून विद्यार्थिनी काय शिकली हे कळे, तसेच तिला कोणी काय शिकवले याचाही अंदाज येई. विद्यार्थिनींशी झालेल्या भेटींनंतर त्यांनी लिहून ठेवलेल्या खासगी नोंदी काही वेळा कठोर आहेत. १८७२ पासून त्या विद्यार्थिनींना उद्देशून वार्षिक पत्रेही लिहू लागल्या. परिचारिकेचे शिक्षण प्रमाणपत्राबरोबर संपत नाही आणि जी पुढे जात नाही ती मागे पडते, हा विचार या पत्रांतून वारंवार येतो.

१८८२ मध्ये रिचर्ड क्वेन यांनी संपादित केलेल्या वैद्यकीय कोशात परिचारिकांच्या प्रशिक्षणावर त्यांनी लेखन केले. त्यातून त्यांच्या अनुभवाचे सार मिळते. परिचर्या पुस्तकातून किंवा व्याख्यानातून शिकता येत नाही, ती वॉर्डात, रुग्णशय्येजवळच शिकावी लागते. व्याख्याने या शिक्षणाला पूरक असतात. प्रशिक्षण देणारी सिस्टर स्वतः प्रशिक्षित असावी. तिने काम करून दाखवावे, करवून घ्यावे आणि त्यामागील कारण सांगावे. काय करायचे याबरोबरच का करायचे हे कळल्याशिवाय परिचारिकेचे निरीक्षण विश्वसनीय होत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

विद्यार्थिनींचे कार्य

या शाळेच्या परिचारिकांनी इतर रुग्णालयांत जाऊन प्रशिक्षणाची परंपरा सुरू करावी, हा फंडाचा मुख्य उद्देश होता. अग्नेस जोन्स यांनी १८६५ पासून लिव्हरपूलच्या वर्कहाउसच्या (दरिद्रगृहाच्या) रुग्णालयात निर्धनांच्या शुश्रूषेत मोठी सुधारणा केली. १८६८ मध्ये तेथेच टायफस ज्वराने त्यांचा मृत्यू झाला. ल्यूसी ऑसबर्न यांनी १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे काम सुरू केले. एंजेलिक प्रिंगल यांनी एडिनबरोच्या रॉयल इन्फर्मरीत प्रशिक्षणाची उत्तम व्यवस्था उभी केली आणि १८८७ मध्ये त्या वॉर्डरोपर यांच्या जागी सेंट टॉमसच्या मेट्रन झाल्या. अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित परिचारिकांपैकी एक असलेल्या लिंडा रिचर्ड्स यांनी १८७७ मध्ये इंग्लंडला येऊन ही पद्धत अभ्यासली. पुढे त्यांनी जपानमध्येही प्रशिक्षण शाळा सुरू केली.

सर्वच प्रयोग यशस्वी झाले नाहीत. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात फंडाच्या मदतीने सुईणींच्या प्रशिक्षणाचा वॉर्ड सुरू झाला होता. तेथे सूतिकाज्वराने माता दगावू लागल्याने तो १८६७ मध्ये बंद करावा लागला. नाइटिंगेल यांनी प्रसूतिगृहांतील मृत्यूंची आकडेवारी गोळा करून त्यावर १८७१ मध्ये पुस्तक लिहिले.

नोंदणीचा वाद

१८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली. सर्व परिचारिकांसाठी किमान तीन वर्षांचे प्रशिक्षण आणि एकच नोंदवही असावी, अशी तिची मागणी होती. नाइटिंगेल यांनी या मागणीला ठाम विरोध केला.

एका दिवसाच्या परीक्षेतून परिचारिकेचे ज्ञान कळेल, पण तिचा स्वभाव, निरीक्षणशक्ती आणि रुग्णाशी असलेले वर्तन कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा नोंदवहीत आलेले नाव कायम राहील, मग पुढे तिचे काम खालावले तरी लोकांना ते समजणार नाही. परिचारिकेबद्दलचा दाखला तिचे सध्याचे काम जवळून पाहणाऱ्यांनीच द्यावा, असे त्यांना वाटे. उलट बाजूचा युक्तिवादही दुर्बळ नव्हता. शाळाशाळांचे निकष भिन्न असल्याने खरी प्रशिक्षित परिचारिका कोणती, हे रुग्णाला ओळखता येत नव्हते. शिवाय परिचारिकेचे भवितव्य एका मेट्रनच्या किंवा सिस्टरच्या मतावर अवलंबून राहणे अन्यायकारक ठरू शकत होते. सेंट टॉमसमधील नोंदपत्रकांचा अनुभव पाहता ही शंका निराधार नव्हती.

१८९३ मध्ये असोसिएशनला शाही सनद मिळाली, तरी कायदेशीर नोंदणीचा अधिकार तिला मिळाला नाही. इंग्लंडमध्ये परिचारिका नोंदणीचा कायदा नाइटिंगेल यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये झाला. आज बहुतेक देशांत परीक्षा आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी प्रस्थापित झाल्या आहेत. त्याबरोबरच वॉर्डातील प्रत्यक्ष कामाचे मूल्यमापनही शिक्षणाचा भाग बनले आहे. या अर्थी दोन्ही पक्षांच्या भूमिकांतील ग्राह्य भाग टिकून राहिला.

भारताशी संबंध

नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत, तरी सुमारे चार दशके त्यांनी भारतविषयक काम केले. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याविषयी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी लष्करी ठाण्यांकडे प्रश्नावली पाठवून माहिती मिळवली. १८६३ च्या अहवालातून सैनिकांमधील वार्षिक मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ असल्याचे दिसून आले. अस्वच्छ पाणी, सांडपाण्याचा अभाव आणि बराकींतील गर्दी ही त्याची कारणे त्यांनी दाखवून दिली. यानंतर बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर हे त्यांचे सहकारी व मित्र होते.

१८६५ मध्ये त्यांनी भारतातील रुग्णालयांसाठी परिचर्येची योजना सुचवली. मात्र ती त्या स्वरूपात अमलात आली नाही. पुढे सैनिकांवरून त्यांचे लक्ष खेड्यांतील रयतेकडे वळले. दुष्काळ, सिंचन, जमीनधारा आणि ग्रामस्वच्छता या विषयांवर त्यांनी लेखन केले. पुणे सार्वजनिक सभा, विल्यम वेडरबर्न, दादाभाई नौरोजी आणि बेहरामजी मलबारी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली.

आरोग्यशिक्षण देणाऱ्या व्यक्तीची पात्रता हा प्रश्न त्यांनी खेड्यांच्या संदर्भातही मांडला. १८९२ मध्ये इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यात आरोग्यसेविकांचा एक उपक्रम त्यांच्या प्रेरणेने सुरू झाला. या स्त्रियांना व्याख्यानांबरोबर घरोघर नेऊन प्रत्यक्ष शिक्षण दिले गेले आणि परीक्षा घेऊनच त्यांची निवड झाली. घरातील स्त्रीशी तिच्या भाषेत बोलता आले नाही, तर व्याख्यानाचा उपयोग होत नाही, हे त्यांचे मत होते. भारतीय खेड्यांसाठी आरोग्यविषयक व्याख्यानांची कल्पना त्यांनी याच सुमारास मांडली.

अखेरची वर्षे

१८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या परिषदेत त्यांचा निबंध वाचण्यात आला. आजाऱ्याच्या शुश्रूषेइतकेच निरोग्याचे आरोग्य राखण्याच्या शिक्षणाला त्यांनी त्यात महत्त्व दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची दृष्टी गेली आणि स्मरणशक्तीही क्षीण झाली. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनाचा प्रस्ताव कुटुंबाने नम्रपणे नाकारला. हॅम्पशरमधील ईस्ट वेलो येथे कौटुंबिक दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. तेथील शिलेवर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची वर्षे आहेत.

मूल्यमापन

नाइटिंगेल यांच्या कार्याकडे अभ्यासक आता अधिक चिकित्सक दृष्टीने पाहतात. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धान्त त्यांनी बराच काळ स्वीकारला नव्हता. त्यांच्या शाळेत सुखवस्तू घरांतील स्वखर्चाने शिकणाऱ्या विद्यार्थिनी आणि सामान्य विद्यार्थिनी असा भेद होता. वरच्या पदांवर बहुधा पहिल्या वर्गातील स्त्रिया जात. आज्ञाधारकतेवरील त्यांच्या भरामुळे परिचारिका दीर्घकाळ डॉक्टरांच्या छायेत राहिल्या, असाही आक्षेप घेतला जातो. क्रिमियन युद्धात स्वतंत्रपणे सेवा करणाऱ्या, जमैकात जन्मलेल्या मेरी सीकोल यांचे कार्य त्यांच्या कीर्तीमुळे झाकोळले गेले, याकडेही लक्ष वेधले गेले आहे.

तरीही परिचर्या हा शिकण्याचा व शिकवण्याचा विषय आहे, ही जाणीव समाजात रुजवण्याचे श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जाते. त्यांची शाळा आरंभापासून आदर्श होती, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. पहिल्या दशकात ती अनेक बाबतींत अपयशी ठरली होती. स्वतःच्या नावाने चालणाऱ्या संस्थेतील दोष त्यांनी विद्यार्थिनींच्या तोंडून जाणून घेतले आणि शिकवणाऱ्यांची निवड, त्यांची जबाबदारी व त्यांच्या कामावरील देखरेख यांची घडी नव्याने बसवली. वॉर्डातील शिक्षिकेला रुग्णसेवेच्या भारातून शिकवण्यासाठी वेळ कसा मिळावा, हा त्यांना पडलेला प्रश्न परिचर्या शिक्षणात आजही महत्त्वाचा आहे.

स्मृती आणि सन्मान

नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, १२ मे, हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून साजरा केला जातो. भारत सरकारतर्फे उत्कृष्ट परिचारिकांना १९७३ पासून राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार दिला जातो. परिचर्या विद्यालयांच्या दीपप्रज्वलन समारंभात म्हटली जाणारी नाइटिंगेल प्रतिज्ञा त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या नेतृत्वाखालील समितीने तयार केली आणि नाइटिंगेल यांच्या गौरवार्थ तिला त्यांचे नाव दिले. लंडनमध्ये सेंट टॉमस रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या कार्याची माहिती देणारे संग्रहालय आहे.